गाळ यकृतातून, झळ मूत्रपिंडाला

मुतखडा आपल्याकडे कुणाला नवा नाही. पण तो पाच-सहा वर्षांच्या लेकराला, तोही पुन्हा पुन्हा होऊ लागला, तर त्यामागे 'प्रायमरी हायपरऑक्झल्युरिया, टाइप 1' हा दुर्मिळ आनुवंशिक आजार असू शकतो. भोर-वेल्ह्याच्या वाड्या-वस्त्यांवर पुण्याच्या तज्ज्ञाआधी पाहुण्यारावळ्यांचे सल्ले पोहोचतात, म्हणून हा खुलासा.

गैरसमज : पाणी जड आहे, पालक-टोमॅटो खाल्ले, म्हणून खडे झाले.
वस्तुस्थिती : या आजारात यकृतातलं एजीटी नावाचं एन्झाइम नीट काम करत नाही. त्यामुळे यकृतच जास्तीचं ऑक्झलेट तयार करतं आणि ते कॅल्शियमशी जुळून मूत्रपिंडात साचतं. पथ्याने फारसा फरक पडत नाही. भरपूर पाणी पिणं मात्र गरजेचं, आणि काहींना ब-6 जीवनसत्त्वाचा चांगला गुण येतो.

गैरसमज : दोष आईकडून आला.
वस्तुस्थिती : सदोष जनुकाची एक प्रत आईची आणि एक वडिलांची, अशा दोन्ही मिळाल्या तरच आजार होतो. एक प्रत असलेले आई-वडील स्वतः ठणठणीत असतात. अशा जोडप्याच्या प्रत्येक अपत्याला धोका 25 टक्के. मामाच्या मुलीशी लग्नासारख्या नात्यातल्या सोयरिकीत दोघांकडे तीच प्रत असण्याची शक्यता वाढते. सुनेला बोल लावण्यात अर्थ नाही.

गैरसमज : किडनी बदलली की झालं.
वस्तुस्थिती : ओढ्यातून गाळ येतच राहिला, तर तळं कितीदा उपसणार? यकृत तेच राहिलं, तर ऑक्झलेट नव्या मूत्रपिंडातही साचू शकतं. म्हणून मूत्रपिंड निकामी झालेल्यांमध्ये यकृत आणि मूत्रपिंड दोन्ही बदलण्याचा विचार होतो, एकदम किंवा टप्प्याटप्प्याने. अशा दुहेरी प्रत्यारोपणाच्या यशाची नोंद 1987 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आली. 2020 मध्ये अमेरिका आणि युरोपात मान्यता मिळालेलं लुमासिरान हे औषध यकृतात तयार होणारं ऑक्झलेट कमी करतं. पण ते फार महाग आहे.

गैरसमज : यकृत दिलं की माणूस जन्माचा अधू होतो.
वस्तुस्थिती : लहान मुलासाठी दात्याच्या यकृताचा साधारण पाव भाग पुरतो आणि उरलेलं यकृत काही महिन्यांत वाढून भरून येतं. मूत्रपिंड पुन्हा उगवत नाही. दुसरं त्याचा भार उचलतं. शस्त्रक्रियेत दात्याला थोडा धोका असतोच, म्हणून त्याची कसून तपासणी होते. दोन्ही अवयव एकाच दात्याने द्यायला हवेत, असंही नाही.

गैरसमज : घरचं कुणीही अवयव देऊ शकतं.
वस्तुस्थिती : 1994 च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यात 'जवळचे नातेवाईक' म्हणजे आई-वडील, भावंडं, मुलं, पती-पत्नी, आजी-आजोबा आणि नातवंडं. मामा, काका, आत्या त्यात बसत नाहीत; त्यांना प्राधिकृत समितीची परवानगी लागते. अवयवाची खरेदी-विक्री गुन्हा आहे. घरात जुळणारा दाता नसेल, तर मेंदूमृत दात्याच्या अवयवासाठी रुग्णालयामार्फत पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडे नोंदणी होते.

मुलाला खडे होत असतील, तर आधीचे सगळे रिपोर्ट घेऊन मूत्रपिंडविकारतज्ज्ञांना गाठा आणि लघवीतल्या ऑक्झलेटची तपासणी मागा. आजाराचं निदान झालं, तर एकही खडा न झालेल्या धाकट्या भावंडालाही तपासून घ्या. त्याचं तळं अजून गाळाने भरलेलं नाही. त्याला वाचवायची वेळ हीच आहे.