राजाचे हंस, ढिवरांचे तलाव

टेम्स नदीवर दरवर्षी जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात सहा होड्या निघतात. सनबरीपासून अ‍ॅबिंग्डनपर्यंत, प्रवाहाच्या उलट, पाच दिवस वल्ही मारत. पुढे लाल पोशाखातले राजाचे नावाडी आणि टोपीत हंसाचे पांढरे पीस खोवलेला त्यांचा प्रमुख. सोबत लंडनच्या दोन जुन्या संघांचे लोक, एक द्राक्षमद्याच्या व्यापाऱ्यांचा आणि दुसरा रंगाऱ्यांचा. पाण्यावर पिल्लांसह हंसांची जोडी दिसली की ‘ऑल अप!’ अशी आरोळी उठते आणि होड्या त्या कुटुंबाला हळूहळू घेरत आणतात. हंस उचलून काठावर नेतात. पिल्लांचे वजन करतात, मापे घेतात, अंगात मासेमारीचा गळ रुतला आहे का, दोरा गुंडाळला आहे का ते बघतात, पायात क्रमांकाचे कडे घालतात आणि सगळ्यांना पुन्हा पाण्यात सोडतात. विंडसरच्या किल्ल्याजवळून जाताना नावाडी होडीत उभे राहतात, वल्ही आकाशाकडे धरतात आणि हंसांच्या धन्याला, म्हणजे राजाला, मानवंदना देतात.

बाराव्या शतकापासून इंग्लंडच्या गादीने मोकळ्या पाण्यातल्या, खूण नसलेल्या हंसांवर हक्क सांगितला आहे. त्याचे कारण त्या काळी अगदी रोकडे होते. हंस मेजवानीत खात. तो मानाचा पदार्थ होता आणि असा पदार्थ कोणीही उठून शिजवू नये, ही राजाची इच्छा. त्या दोन संघांना हंस पाळायची मुभा पंधराव्या शतकात मिळाली, म्हणून आजही त्यांच्या होड्या बरोबर असतात. पूर्वी मालकी ओळखण्यासाठी चोचीवर खाचा पाडत. आता हंस कोणी खात नाही, खाचाही पाडत नाहीत. उरली आहे ती मोजणी आणि तपासणी.

तिचा उपयोग १९८५ मध्ये कळला. लंडन ते हेन्ली या टप्प्यात हंसांच्या फक्त सात जोड्या उरल्या होत्या. गळाला लावायच्या शिशाच्या गोळ्या नदीच्या तळाशी साचत, तळ चाळून खाणारे हंस त्या गिळत आणि विषबाधेने मरत. १९८७ मध्ये अशा शिशाच्या गोळ्यांच्या विक्रीवर बंदी आली आणि हंस हळूहळू परतले. दरसालचा आकडा हाताशी असल्यामुळे घसरणही दिसली आणि सुधारणाही. एखादी राजेशाही प्रथा टिकवावी की नाही, याचा माझा निकष इथून येतो. मुकुट कोणाच्या डोक्यावर आहे यापेक्षा दरवर्षी हक्काने आणि जबाबदारीने पाण्यात उतरणारा माणूस त्या प्रथेने शिल्लक ठेवला का, हे मला महत्त्वाचे वाटते.

भंडारा जिल्ह्यातही पाणी राजाच्या शब्दाने राखले गेले होते. वैनगंगेच्या खोऱ्यातला हा झाडीपट्टीचा मुलूख एकेकाळी वेगवेगळ्या गोंड राजांकडे होता. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि १८५३ मध्ये तिसऱ्या रघुजींच्या निधनानंतर इंग्रजांनी गिळला. गोंड राजांची रीत अशी, की जंगल तोडून जो गाव वसवील आणि तलाव बांधील त्याला जमीन सवलतीने द्यायची. चांद्याकडे तलावासाठी दिलेल्या अशा जमिनीला तुकूम म्हणत. या कामात कोहळी समाज सगळ्यांत पुढे. आमच्या पूर्वजांना चांद्याच्या गोंड राजाने काशीहून इकडे आणले, असे कोहळी सांगत आले आहेत. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या जातिजमातींवरील ग्रंथातही त्यांची ओळख तलाव बांधणारे अशीच आहे. नवेगावचा अफाट बांध, जो १९९९ मध्ये जिल्हा फुटल्यावर गोंदियात गेला, तो कोलू पाटील कोहळी यांचा. लोकांनी त्यांना कोलासुर म्हणून देवत्व दिले. राजाचे नाव विसरले गेले, बांध घालणारा पाटील मात्र देव झाला.

इंग्रजांनी जमाबंदी करताना या गावप्रमुखांना मालगुजार म्हणून मालकी दिली आणि तलावांना मालगुजारी तलाव हे नाव पडले. पुढे सरकारी बोलीत ‘माजी मालगुजारी’चे ‘मामा तलाव’ झाले. पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांहून अधिक तलाव आहेत आणि त्यांतले बरेचसे भंडारा-गोंदियात. शिवाय शेताशेतातल्या बोड्या म्हणजे छोटी तळी वेगळीच.

या तलावांची रचना समजून घेण्यासारखी आहे. इथे पाऊस भरपूर पडतो, पण धानाला तो वेळेवर लागतो. रोवणी झाली, लोंबी निसवायच्या बेतात आली आणि हस्ताचा पाऊस हुकला, तर उभे पीक हातचे जाते. त्या वेळी एक-दोन पाणी मिळाले की धान वाचते, आणि ते एक-दोन पाणी साठवायला हे तलाव आहेत. जमिनीचा उतार पाहून मातीची लांब पाळ घालायची. वरच्या तलावाचा सांडवा खालच्या तलावात, त्याचा आणखी खालच्या बोडीत, अशी एकाखाली एक साखळी करायची. पाळीच्या बाजूला पाणी खोल असते आणि जिकडून पाणी येते तिकडे ते उथळ होत होत चिखलात, गवतात आणि शेवटी झुडपात मिसळते. उन्हाळ्यात पाणी मागे हटले की उघड्या पडलेल्या गाळात पीक घेता येते. जिवंतपणा असतो तो या उथळ बाजूलाच. तिथे कमळ आणि देवधान म्हणजे रानटी भात. तिथे मासे अंडी घालतात. कमळाच्या पानांवरून कमळपक्षी चालतो. हळदी-कुंकू बदक, जांभळी पाणकोंबडी, हिवाळ्यात चक्रवाक, सगळ्यांचा मुक्काम त्याच बाजूला.

पाण्यावरचे हक्क गावात वाटलेले होते. शेतकऱ्याला सिंचन, गुराढोरांना पाणी, मासेमारी करणाऱ्या ढिवरांना मासे आणि शिंगाडा. हे हक्क गावच्या हक्कनोंदींत, म्हणजे निस्तार पत्रकात आणि वाजिब-उल-अर्जमध्ये, लिहिलेले होते. मालगुजार हा काही संत नव्हता. वेठ होती, दडपण होते, जातीची उतरंड होती. ती व्यवस्था जायला हवी होती, याविषयी माझ्या मनात शंका नाही. पण पाळ फुटली तर आधी त्याचेच धान बुडणार होते, म्हणून पावसाळ्याआधी पाळीवर माती पडत होती आणि कालवे साफ होत होते.

त्या वेळच्या मध्य प्रदेशाच्या १९५० मधील मालकी हक्क निर्मूलन कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. पुढे शंभर हेक्टरांपर्यंत सिंचन करणारे तलाव जिल्हा परिषदेकडे, त्याहून मोठे पाटबंधारे खात्याकडे अशी वाटणी झाली. कागदावर धनी मिळाला, पण पाळीवर माती टाकणारा हात गेला. तोवर फुकट मिळणाऱ्या पाण्यावर पाणीपट्टी लागली, शेतकरी ती द्यायला राजी होईनात आणि दुरुस्तीला पैसा नाही हे उत्तर दोन्हीकडून तयार झाले. गाळ साचला. उथळ काठ बुजवून धानाच्या बांध्या झाल्या. जिथे देवधान होते तिथे बेशरम ही वनस्पती माजली. तिला गुरे तोंड लावत नाहीत आणि तिच्या गचपणात जाळेही टाकता येत नाही.

इंग्लंडच्या ग्रामीण भागात या कथेची उलट बाजू पाहायला मिळते. विल्यम राजाने १०७९ च्या सुमारास दक्षिण इंग्लंडात आपल्या शिकारीसाठी ‘न्यू फॉरेस्ट’ राखून घेतले. त्या अरण्याचे कायदे अतिशय क्रूर होते. पण त्यांच्या आडून आसपासच्या लोकांचे घोडी चारायचे, डुकरांना ओकची फळे खायला सोडायचे, सरपणाचे हक्क मान्य होत गेले. राजाची शिकार इतिहासजमा झाली, चराईचे हक्क अजून आहेत. तंटे मिटवायला आणि चराईवर देखरेख ठेवायला तिथे वर्डरर नावाच्या मंडळींचे न्यायासन बसते. त्यांतले पाच जण मतदानाने निवडून येतात आणि प्रमुखाची नेमणूक राजाच्या नावे होते. आपल्या निस्तार हक्कांची ही सख्खी भावंडे. फरक एवढाच की त्यांच्याकडे हक्क सांभाळणारी बैठक टिकली आणि आपल्याकडे निस्तार पत्रक तलाठ्याच्या दप्तरात बांधले गेले.

ढिवरांचे नुकसान आणखी वेगळ्या वाटेने झाले. तलाव मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने मिळू लागले, ही गोष्ट चांगलीच. पण उत्पादन वाढवण्यासाठी बाहेरून आणलेले मत्स्यबीज सोडायचे, हाच एक सल्ला सरकारी योजनांतून मिळत राहिला. त्यात पाणवनस्पती फस्त करणारा गवत्या मासाही आला. वनस्पती गेल्यावर मरळ, मांगूर यांसारख्या गावठी माशांना लपायला आणि वीण घालायला जागा उरली नाही. पावसाळ्याच्या तोंडाला घरात पैसा नसताना जो मासा आपोआप जाळ्यात येत असे, तोच कमी झाला.

भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ आणि त्याचे मनीष राजनकर यांनी या प्रश्नाला ढिवरांच्याच ज्ञानातून हात घातला. कोणता मासा कोणत्या वनस्पतीला अंडी चिकटवतो, कोणता तिच्याखाली दडतो, कोणते पाखरू तिचे कंद उकरते, हे म्हाताऱ्या ढिवरांना तोंडपाठ होते. त्याची नोंद झाली. मग गावोगावच्या मच्छीमार संस्था आणि ढिवर बाया कामाला लागल्या. उन्हाळ्यात तलावाचा उथळ भाग कोरडा पडला की बेशरम मुळासकट उपटायची आणि जमीन नांगरायची. पाऊस लागला की ज्या तलावात अजून चांगली झाडे आहेत तिथून रोपे, कंद आणून चिखलात लावायचे. गुडघाभर चिखलात ओळीने वाकून हे काम चालते, रोवणीच्या बायांचेच कसब त्याला लागते. लागवड जगली की आधी किडे येतात, मग मासे, मग पाखरे. असा तलाव पुन्हा जागा होताना पाहणे ही या जिल्ह्यातली फार मोठी गोष्ट आहे आणि तिची चर्चा व्हावी तेवढी होत नाही.

आता सारसाकडे येतो. टेम्सच्या हंसाइतकी राजेशाही चाल असलेला आपला पक्षी हाच. उभा राहिला की पाच-सहा फूट, राखाडी अंग आणि रक्तासारखी लाल मान. उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सर्वांत उंच. महाराष्ट्रात त्याचे नियमित घर मुख्यतः गोंदिया आणि त्याला लागून भंडारा एवढेच उरले आहे. जोडी जमली की सहसा सुटत नाही. पावसाळ्यात तलावाच्या उथळ काठाला किंवा थेट धानाच्या बांधीत गवत-काड्यांचा ढीग रचून मादी बहुधा दोन अंडी घालते. नर-मादी आळीपाळीने महिनाभर उबवतात. त्या महिन्यात शेतकऱ्याला बांधीचा तेवढा तुकडा सोडून द्यावा लागतो. काही धान तुडवले जाते, तरी तो सोडणारे शेतकरी इथे आहेत आणि सारस त्यांच्या जिवावर टिकला आहे.

या पक्ष्याची गणनाही दरसाल होते, उन्हाळा संपता संपता. गोंदियाची ‘सेवा’ संस्था, वनविभाग आणि शेतकरी मिळून ती करतात, आणि पाखरांना हद्द ठाऊक नसल्यामुळे पलीकडच्या बालाघाटातही त्याच सुमारास मोजणी होते. पहाट व्हायच्या आत ठरलेल्या तलावावर, नदीच्या पात्रात दबा धरून बसायचे, जोडी किती, एकटे किती, पिल्ले किती हे टिपायचे, एकच पक्षी दोनदा मोजला जाऊ नये म्हणून वेळ आणि उडालेली दिशाही लिहायची. अलीकडच्या वर्षांत गोंदियातला आकडा तीस-चाळीसच्या आसपास आणि भंडाऱ्यातला एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतका. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये या घटीची स्वतःहून दखल घेतली. विजेच्या उघड्या तारा, शेतातली कीटकनाशके आणि नाहीशी होणारी पाणथळ जागा, ही कारणे तेव्हापासून वारंवार पुढे आली आहेत.

भंडारा जिल्ह्यातले कोका अभयारण्य २०१३ मध्ये जाहीर झाले. त्याच्या आदल्या वर्षी झालेल्या उमरेड-पवनी-कऱ्हांडलाचा काही भाग आपल्या जिल्ह्यात आहे. वाघासाठी ही व्यवस्था झाली, ती हवीच होती. पण सारस अभयारण्यात राहत नाही. तो गावच्या तलावात आणि कोणाच्या तरी बांधीत राहतो. म्हणून त्याचे रक्षण गावच्या कारभारातच बसवावे लागेल. मच्छीमार संस्थांना तलाव देताना उथळ काठ आणि त्यावरच्या वनस्पती राखण्याची अट ठेक्यात यावी आणि त्यासाठी ठेक्याची रक्कम कमी व्हावी. घरटे राखणाऱ्या शेतकऱ्याला तुडवलेल्या धानाची भरपाई त्याच हंगामात मिळावी. सारसांच्या उडण्याच्या वाटेवरच्या विजेच्या तारांवर आवरण चढावे, आणि भंडाऱ्यातल्या एवढ्या थोड्या पक्ष्यांसाठी ते काम अवाढव्य नाही. मामा तलावांच्या दुरुस्तीच्या योजनांत गाळ किती घनमीटर काढला याची नोंद होते. त्याच तक्त्यात देवधान आणि कमळ किती उरले, गावठी मासे किती जातींचे मिळाले, पाखरे किती दिसली असे तीन रकाने वाढवावेत आणि ते भरायचे काम, मोबदला देऊन, त्या तलावाच्या ढिवर संस्थेकडे सोपवावे.