इंग्रजीत ओरडणारं शीर्षक मराठीत गप्प का बसतं?

व्हॉट्सअॅपवर एक लिंक येते. समजा, राहात्यातल्या मोफत नेत्रतपासणी शिबिराची. मेसेजखालच्या छोट्या चौकटीत शिबिराचं नाव इंग्रजीत दिसतं, पण सगळं स्मॉल अक्षरांत. गावाचं नावही स्मॉल, आयोजकांचं नावही स्मॉल. घाईघाईत कुणीतरी टाइप करून टाकल्यासारखं. लिंक उघडली की मात्र तेच शीर्षक पानावर ठळक कॅपिटल अक्षरांत रुबाबात उभं असतं.

मधल्या काळात कुणी काही दुरुस्त केलेलं नाही. दोन्हीकडे मजकूर एकच आहे. पानावर दिसतात ती कॅपिटल अक्षरं मुळात कुणी टाइपच केलेली नाहीत.

वेब पेज दोन गोष्टींनी बनतं. एक म्हणजे मजकूर, जो एचटीएमएलमध्ये लिहिलेला असतो. दुसरी म्हणजे तो मजकूर कसा दिसावा याची यादी: अक्षराचा आकार किती, रंग कोणता, दोन ओळींत अंतर किती. या यादीला स्टाइल शीट म्हणतात आणि ती सीएसएस या भाषेत लिहितात. या भाषेत ‘टेक्स्ट-ट्रान्सफॉर्म’ नावाचा एक गुणधर्म आहे. त्याला ‘अपरकेस’ सांगितलं की सगळी अक्षरं कॅपिटल दिसतात, ‘लोअरकेस’ सांगितलं की सगळी स्मॉल, ‘कॅपिटलाइझ’ सांगितलं की प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल आणि ‘नन’ सांगितलं की जसं लिहिलंय तसं. (हे शब्द इथे उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत, प्रत्यक्ष फाइलमध्ये ते रोमन अक्षरांतच लिहावे लागतात.) ही सोय नवी नाही. वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेनं १७ डिसेंबर १९९६ला सीएसएसची पहिली आवृत्ती जाहीर केली, तेव्हापासून हे चारही पर्याय आहेत.

पण हे सगळं वरवरचं. पोळ्याला बैलाच्या पाठीवर झूल चढवतात, तसं. झूल काढली की खाली बैल तोच. व्हॉट्सअॅपची ती चौकट पानावरची सजावट बघतच नाही. पानाच्या माहितीत शीर्षक म्हणून जे लिहून ठेवलंय, तेवढंच ती उचलते, आणि बहुतेक वेळा ते शीर्षक टाइप करणाऱ्यानं जसं टाइप केलं तसंच तिथे गेलेलं असतं. म्हणून झुलीशिवायचा बैल आपल्या ग्रुपवर येतो. तुम्ही स्वतः एखादं पेज चालवत असाल, तर पानावर सगळं छान दिसतंय म्हणून मूळ शीर्षक कसंही टाइप करू नका. शेअर होतं ते मूळ शीर्षक.

शीर्षकापुरता हा प्रश्न दिसण्याचा आहे. ऑनलाइन फॉर्ममध्ये तो जास्त त्रासदायक होतो. पॅन क्रमांक किंवा बँकेचा आयएफएससी कोड भरताना तुम्ही स्मॉल अक्षर दाबलं, तरी चौकटीत कॅपिटलच उमटतं, हे अनेकांनी पाहिलं असेल. काही फॉर्ममध्ये त्यामागे एक छोटा प्रोग्रॅम असतो, तो खरोखर अक्षर बदलतो. काहींमध्ये मात्र फक्त स्टाइल शीटची ती एक ओळ असते. दुसऱ्या प्रकारात डोळ्यांना कॅपिटल दिसतं, पण ‘सबमिट’ दाबल्यावर सर्व्हरकडे जातं ते तुम्ही दाबलेलं स्मॉल अक्षर. पलीकडच्या प्रोग्रॅमनं ते स्वतःहून कॅपिटल करून घेतलं तर ठीक. त्यानं अक्षराला अक्षर काटेकोर जुळवून पाहिलं, तर ‘कोड चुकीचा आहे’ असा संदेश येतो आणि आपण समोरचा अगदी बरोबर दिसणारा कोड पुन्हा पुन्हा वाचत बसतो. शेवटच्या तारखेला रात्री अकरा वाजता सेतू केंद्राबाहेर असं झालं की काय होतं, ते वेगळं सांगायला नको. चूक फॉर्म बनवणाऱ्याची आहे, पण उपाय आपल्या हातात आहे: असे कोड भरताना कॅप्स लॉक लावूनच टाइप करा. मोबाइलवर शिफ्टचा बाण दोनदा पटकन दाबला की तो लागतो.

‘कॅपिटलाइझ’ची गंमत वेगळी. समजा, एखाद्या जुन्या कॉम्प्युटरमधून गावांची इंग्रजी यादी आली: राहाता, शिर्डी, लोणी, साकुरी, पुणतांबा, सगळी नावं संपूर्ण कॅपिटलमध्ये. वेबसाइट करणाऱ्याला वाटतं, ‘कॅपिटलाइझ’ लावू, म्हणजे फक्त पहिलं अक्षर मोठं राहील. तो लावतो, पान पुन्हा उघडतो, काहीच बदललेलं नसतं. कारण हा पर्याय पहिलं अक्षर मोठं करतो, बाकीच्यांना हातही लावत नाही. ती आधीच मोठी असतील तर मोठीच राहतात. सगळं आधी लहान करून मग पहिलं मोठं करायचं, तर एका वेळी एकच पर्याय चालत असल्यानं आडवाट धरावी लागते: पूर्ण मजकुराला ‘लोअरकेस’ आणि ‘फर्स्ट-लेटर’ या निवडकाला वेगळं ‘अपरकेस’. तेही परिच्छेदाच्या किंवा चौकटीच्या अगदी पहिल्या अक्षरालाच लागू होतं. ‘पुणतांबा बुद्रुक’ असं दोन शब्दी काही असेल तर दुसरा शब्द लहानच राहणार. अशा वेळी यादीच दुरुस्त करणं शहाणपणाचं. कंटाळवाणं काम आहे, पण एकदाच करावं लागतं.

आता मराठीकडे. शाळेत इंग्रजी शिकताना आपण ‘पहिली लिपी’ आणि ‘दुसरी लिपी’ अशा दोन वेगळ्या वह्या लिहिल्या. देवनागरीत ही भानगडच नाही. ‘र’ वाक्याच्या सुरुवातीला आला काय, गावाच्या नावात आला काय, तो ‘र’च. युनिकोडमध्येही देवनागरी अक्षरांना मोठं-लहान अशा जोड्या नाहीत. त्यामुळे मराठी शीर्षकाला ‘अपरकेस’ लावलं, तर ब्राउझर आज्ञा ऐकतो, जोडी शोधतो, सापडत नाही आणि अक्षर होतं तसं ठेवतो. काही बिघडत नाही, काही घडतही नाही.

मग प्रश्न कुठे येतो? वेबसाइटसाठी तयार मिळणाऱ्या बहुतेक थीम इंग्रजी समोर ठेवून केलेल्या असतात. त्यांत मेनू, बटणं, छोटी शीर्षकं यांचं वेगळेपण अनेकदा फक्त कॅपिटल अक्षरांवर उभं असतं. अक्षराचा आकार खालच्या मजकुराएवढाच, जाडीही तीच, फक्त कॅपिटल. अशी थीम घेऊन त्यात मराठी मजकूर भरला की ते वेगळेपण पुसलं जातं. ‘संपर्क’ हे बटण आहे की वाक्यातला शब्द, हे कळेनासं होतं. इंग्रजीत ओरडून बोलणारं शीर्षक मराठीत गप्प बसतं ते असं. आणि शीर्षकात एखादा इंग्रजी शब्द रोमनमध्ये असेल तर आणखी विचित्र: मराठी शब्द शांत, मधला इंग्रजी शब्द एकटाच आरडाओरडा करतोय.

इथवर नुसती गैरसोय. खरी मोडतोड पुढे आहे, कारण कॅपिटल अक्षरं सहसा एकटी येत नाहीत. छापील इंग्रजीत सलग कॅपिटल दाटीवाटीनं उभी दिसतात, म्हणून डिझायनर त्यांच्यामध्ये थोडी मोकळी जागा सोडतात. सीएसएसमध्ये त्यासाठी ‘लेटर-स्पेसिंग’ आहे. थीममध्ये ‘अपरकेस’च्या पुढच्याच ओळीत ते हमखास सापडतं. मराठीत ‘अपरकेस’ निष्प्रभ ठरतं, पण ‘लेटर-स्पेसिंग’ इमानेइतबारे काम करतं आणि शिरोरेषा तोडतं. आपली अक्षरं सुटी उभी नसतात, दोरीला तोरण लटकावं तशी शिरोरेषेला लटकलेली असतात. अंतर जरा वाढलं की ‘राहाता’चे ‘रा’, ‘हा’, ‘ता’ असे तीन तुकडे दिसू लागतात. जाहिरातीच्या पोस्टरवर, दुकानाच्या पाटीवर, सरकारी योजनेच्या बॅनरवर हे तुटलेलं मराठी तुम्ही नक्की पाहिलं असेल. ती बहुतेक वेळा इंग्रजीची शिस्त मराठीला लावल्याची खूण असते.

दुसरी अडचण उंचीची. इंग्रजी कॅपिटल अक्षरांना वर मात्रा नाही, खाली उकार नाही. सगळी एका मापाची. म्हणून त्यांच्या चौकटी तोकड्या ठेवतात. ‘शिर्डी’तल्या दोन्ही वेलांट्या आणि रफार वरच्या कडेला घासतात, ‘पुणतांबा’चा उकार खालून कापला जातो.

याहून मजेशीर प्रकार जुन्या फॉन्टमध्ये घडतो. युनिकोड रुळण्याआधी अनेक मराठी मजकूर अशा फॉन्टमध्ये टाइप होत, ज्यात इंग्रजी अक्षराच्या जागी देवनागरी चित्र बसवलेलं असे. कॉम्प्युटरच्या लेखी तो मजकूर इंग्रजीच. आपल्याला मात्र मराठी दिसे. कृतिदेव ०१० हा त्यातला प्रसिद्ध फॉन्ट. त्यात ‘राहाता’ हा शब्द जे, के, जी, के, आर, के ही सहा स्मॉल अक्षरं दाबून उमटतो. आता हा मजकूर एखाद्या पानावर टाकला आणि त्या शीर्षकाला ‘अपरकेस’ लागलं, तर ब्राउझर त्यांची कॅपिटल करणार. या फॉन्टमध्ये कॅपिटल जे म्हणजे ‘श्र’, कॅपिटल के म्हणजे ‘ज्ञ’, कॅपिटल जी म्हणजे ‘ळ’ आणि कॅपिटल आर म्हणजे अर्धा ‘त’. ‘राहाता’चं ‘श्रज्ञळज्ञत्ज्ञ’ होऊन बसतं! जुन्या फाइलमधली बातमी नव्या वेबसाइटवर आणताना ती आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या असं जाणकार सांगतात, त्याचं हे एक कारण.

रोमन अक्षरांत मराठी लिहिणाऱ्यांनाही कॅपिटलचा घोळ बाधतो. अविनाश चोपडे यांनी तयार केलेली आयट्रान्स ही लेखनपद्धत अनेकांनी वापरली आहे. तिच्यात स्मॉल टी म्हणजे ‘त’ आणि कॅपिटल टी म्हणजे ‘ट’. स्मॉल ए म्हणजे ‘अ’, कॅपिटल ए म्हणजे ‘आ’. म्हणजे इथे अक्षराचा लहान-मोठेपणा शोभेचा नाही, त्यावर अर्थ ठरतो. प्रवरेच्या पाण्याचा ‘पाट’ आणि कांद्याची ‘पात’ यांत फरक फक्त त्या टीचा. दोन्हींना ‘अपरकेस’ लावा, शेतात पाणी आलं की कांदा, काही कळणार नाही. आपल्या गावाचंही तेच. साध्या रोमनमध्ये ‘राहाता’, ‘राहता’ आणि ‘रहाता’ तिन्ही एकसारखेच लिहिले जातात. आयट्रान्समध्ये ते वेगळे राहतात. सगळं कॅपिटल केलं की पुन्हा एक होतात.

‘अपरकेस’ ही आज्ञा इंग्रजीबाहेर गेली की ठेचकाळते, हा अनुभव एकट्या मराठीचा नाही. तुर्की भाषेत टिंबाचा आय आणि बिनटिंबाचा आय ही दोन वेगळी अक्षरं आहेत, दोघांची कॅपिटलही वेगळी. जर्मन भाषेत डबल एससाठी एक खास अक्षर आहे. कॅपिटल करताना त्या एका अक्षराची दोन होतात. ब्राउझरला हे नीट करता येतं, पण तुर्कीच्या बाबतीत एका अटीवर: मजकूर कोणत्या भाषेतला आहे हे पानानं सांगितलेलं असलं पाहिजे.

आणि मराठीसाठीचा उपायही तिथेच आहे. एचटीएमएलमध्ये ‘लँग’ नावाचा गुणधर्म असतो. त्यात मराठीसाठी एम आणि आर ही दोन अक्षरं लिहितात. कितीतरी मराठी पानांवर तिथे थीमबरोबर आलेला इंग्रजीचा ‘ईएन’ तसाच पडून असतो, कारण तो डोळ्यांना दिसत नाही. तो बदलला की स्टाइल शीटमध्ये भाषेनुसार वेगळा नियम लिहिता येतो: मराठी भागासाठी टेक्स्ट-ट्रान्सफॉर्म ‘नन’, लेटर-स्पेसिंग ‘नॉर्मल’, ओळीची उंची थोडी जास्त, आणि उठाव हवा तिथे जाड अक्षर, मोठा आकार किंवा वेगळा रंग. चार ओळींचं काम. दृष्टिहीन व्यक्ती वापरतात ते स्क्रीन रीडरही हाच ‘लँग’ बघून मराठी आवाज निवडू शकतात. (कॅपिटलचा त्यांनाही त्रास असतो. ‘आमच्याशी संपर्क साधा’ या अर्थाच्या इंग्रजी बटणातला शेवटचा ‘अस’ हा शब्द कॅपिटलमध्ये असला, की काही स्क्रीन रीडर तो ‘यू एस’ असा अमेरिकेसारखा वाचतात.)

‘लँग’ बरोबर असण्याचा आणखी एक फायदा लोणी आणि शिर्डीच्या नावांतच दिसतो. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयानं मराठीसाठी पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ प्रमाण मानले. हिंदीत ही अक्षरं वेगळ्या वळणानं छापतात. काही देवनागरी फॉन्टमध्ये दोन्ही वळणं भरून ठेवलेली असतात. पानानं आपली भाषा मराठी सांगितली, तर असा फॉन्ट ‘लोणी’तला ल आणि ‘शिर्डी’तला श मराठी वळणाचा काढतो. काहीच सांगितलं नाही, तर बहुधा हिंदी वळणाचा.