कवितेतला 'मी' कोण?

सणसवाडीसारख्या कारखान्यांच्या गावात नारायण सुर्वे (१९२६–२०१०) पटकन आपले वाटतात. गिरणीत राबलेला हा कवी. त्यामुळे त्यांच्या कवितेतला प्रत्येक 'मी' म्हणजे स्वतः सुर्वेच, असं आपण धरून चालतो. तिथेच गल्लत होते.

'तुमचंच नाव लिवा' ही कविता घ्या. पोराला शाळेत घालायला आलेली वेश्या मास्तरांशी बोलते आहे. दाखल्यावर बापाचं नाव काय लिहायचं, हा पेच. आणि तिची विनंती शीर्षकातच आहे. बोलणारी ती, ऐकणारे मास्तर, प्रसंग शाळाप्रवेशाचा. कवी बाजूला उभा. तिची बाजू कुणी समजावून सांगत नाही. तिच्या बोलीतून, अजिजीतून आणि मधूनच उसळणाऱ्या धिटाईतून ती आपल्याला कळते. यालाच नाट्यात्म एकभाषित म्हणतात.

इंग्रजीत रॉबर्ट ब्राउनिंगने १८४२च्या 'माय लास्ट डचेस'मध्ये हा प्रकार गाजवला. एलियटच्या १९१५च्या 'प्रुफ्रॉक'मध्ये तर समोरचा श्रोताही धूसर झाला. अर्थात, दुसऱ्याच्या तोंडून बोलणं मराठीला नवं नाही. एकनाथांच्या भारुडांत जोशी, वासुदेव केव्हाच बोलून गेले. फरक इतकाच, की तिथे शेवटी परमार्थ येतो, आधुनिक कवी निवाडा वाचकावर सोडतो.

कविता वाचताना आधी तीन गोष्टी विचारा: कोण बोलतंय, कुणाशी आणि कुठल्या अडचणीत? कवीचं चरित्र नंतर पाहा.