अजिंठा-वेरूळ : ऐकीव गोष्टी आणि भिंतीवरचा पुरावा

सध्या सहलींच्या जाहिरातींत श्रीलंका, कंबोडिया, इंडोनेशिया यांची चलती आहे. बेटं, ऊन, हिरवीगर्द झाडी आणि झाडीत दडलेले पुरातन अवशेष असं हे गणित असतं. हे सगळं आपल्याकडेही आहे, आणि त्यातला पुरातन वास्तूंचा मोठा वाटा एकट्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या पदरात पडला आहे. पण संभाजीनगरला पाहुणे आले की ‘सगळं’ उरकायची घाई असते. अशा धावपळीत पाहणं कमी होतं आणि ऐकणंच जास्त. कुणी चहाच्या टपरीवर सांगितलेलं, कुणी मोबाइलवर पुढे पाठवलेलं डोक्यात पक्कं बसतं. गंमत म्हणजे यातल्या बहुतेक गैरसमजांचं उत्तर त्याच जागी, त्याच भिंतीवर असतं.

गैरसमज १ : अजिंठा-वेरूळ शेजारी-शेजारी आहेत, एका दिवसात होतात.

‘अजिंठा-वेरूळ’ हा जोडशब्द तोंडात इतका बसला आहे की ती एकाच डोंगरातली लेणी वाटतात. प्रत्यक्षात वेरूळ संभाजीनगर शहराच्या वायव्येला सुमारे ३० किलोमीटरवर आहे, तर अजिंठा ईशान्येला फुलंब्री-सिल्लोडमार्गे सुमारे १०० किलोमीटर. जळगावहून अजिंठा ६० किलोमीटरच पडतं. त्यामुळे रेल्वेने येणाऱ्यांनी येताना जळगावला उतरून अजिंठा पाहावं आणि मग संभाजीनगर गाठावं, हे सोयीचं.

दुसरी मेख सुट्टीच्या वाराची आहे. अजिंठा सोमवारी बंद असतं, वेरूळ मंगळवारी. शनिवार-रविवारला जोडून सुट्टी काढणारे नेमके यातच फसतात. शिवाय अजिंठ्याला आपली गाडी थेट लेण्यांपर्यंत जात नाही. फर्दापूरच्या फाट्यावर ती उभी करून पुढचे चार किलोमीटर बसने जावं लागतं, आणि त्यानंतर पायऱ्या आहेतच. अजिंठ्याला पूर्ण दिवस ठेवायला हवा.

गैरसमज २ : अजिंठ्याचा शोध इंग्रजांनी लावला.

मद्रासच्या घोडदळातला जॉन स्मिथ हा अधिकारी शिकारीसाठी या भागात आला आणि २८ एप्रिल १८१९ रोजी १० क्रमांकाच्या लेण्यात शिरला, हे खरं. आपलं नाव आणि तारीख त्याने तिथल्या खांबावरच्या बोधिसत्त्वाच्या चित्रावर कोरून ठेवली. ती अक्षरं आज डोळ्यांच्या पातळीच्या बरीच वर दिसतात, कारण तो उभा होता तेव्हा लेण्यात कित्येक फूट राडारोडा साचलेला होता.

पण वाट दाखवायला त्याच्याबरोबर स्थानिक माणसं होती. खोऱ्यातल्या लोकांना ही लेणी ठाऊकच होती. युरोपातल्या विद्वानांपर्यंत बातमी १८१९ नंतर पोहोचली, एवढाच त्या तारखेचा अर्थ. लेण्यांचा खरा इतिहास उलगडला तो शिलालेख वाचल्यावर, आणि त्यात मराठी माणसांचा वाटा मोठा आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी अजिंठ्याचे लेख वाचून प्रसिद्ध केले, आणि विसाव्या शतकात नागपूरच्या डॉ. वा. वि. मिराशी यांनी वाकाटक राजांच्या लेखांचं काम तडीस नेलं.

गैरसमज ३ : भिक्षूंनी फावल्या वेळात स्वतःच ही लेणी खोदली.

अजिंठ्याची लेणी दोन खेपांत झाली. ९, १० ही चैत्यगृहं आणि त्यांच्या आसपासची काही लेणी इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकातली आहेत. बाकीची बहुतेक पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळाच्या आसपास खोदली गेली. १६ क्रमांकाचं लेणं हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने करवून घेतलं, असं तिथला लेखच सांगतो. २६ क्रमांकाच्या लेण्यात बुद्धभद्र या भिक्षूचं नाव येतं, पण तेही दान देणारा म्हणून.

कन्नड तालुक्यातल्या पितळखोऱ्यात तर दात्यांची नावं आणखी जवळची वाटतात. पैठणच्या सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याच्या घराण्यातल्या मित्रदेवाने तिथल्या खांबाचं दान दिलं. तिथली यक्षाची मूर्ती कृष्णदास नावाच्या सोनाराने घडवल्याचं तिच्यावरच कोरलेलं आहे. ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. पैसा राजांचा, मंत्र्यांचा, व्यापाऱ्यांचा होता आणि हात कसलेल्या कारागिरांचे.

काम कसं चाले हे पाहायचं तर अजिंठ्याच्या २४ क्रमांकाच्या लेण्यात जा. बहुतेक पर्यटक ते अर्धवट म्हणून ओलांडून जातात. खूप मोठं व्हायचं हे लेणं मधेच थांबलं. काही खांब अजून दगडाच्या ओबडधोबड ठोकळ्यांच्या रूपात उभे आहेत. आधी छताच्या अंगाने खडकात गल्ल्या पाडायच्या, मग मधल्या दगडी भिंती फोडून खाली उतरायचं, खांबांपुरता दगड राखून ठेवायचा आणि नक्षी शेवटी. पूर्ण झालेल्या लेण्यात हा क्रम घोटून पुसला गेलेला असतो; इथे छिन्नीच्या घावांसकट तो शाबूत आहे.

गैरसमज ४ : चित्रं झाडपाल्याच्या रंगांची आहेत आणि काळाच्या ओघात विटली.

‘पानाफुलांचे रंग’ ऐकायला छान वाटतात, पण अजिंठ्याचे रंग मुख्यतः खनिज आहेत. तांबड्या-पिवळ्या छटा गेरू आणि पिवळ्या मातीच्या, हिरवा रंग हिरव्या मातीचा, पांढरा चुना-केओलिनसारख्या पदार्थांचा आणि काळा काजळीचा. पाचव्या शतकातल्या चित्रांत जो गडद निळा दिसतो तो लाजवर्दाचा, म्हणजे अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणीतून आलेल्या दगडाचा.

चित्रं ओल्या गिलाव्यावर काढली, हाही समज चुकीचा. आधी खडबडीत दगडावर माती, भुसा आणि वनस्पतींचे तंतू कालवून लिंपण केलं जाई. त्यावर पांढरा पातळ थर येई आणि तो वाळल्यावर डिंकासारख्या बंधकात कालवलेले रंग चढत. रंग असे वरवर बसलेले असल्याने ओल, धूर आणि हाताचा स्पर्श त्यांना पटकन बाधतो. वेरूळच्या गिलाव्यात २०१६ साली गांजाच्या झाडाचे अंश सापडले. पुरातत्त्व खातं आणि संभाजीनगरच्या मराठवाडा विद्यापीठातल्या अभ्यासकांच्या मते गिलावा टिकाऊ राहण्यात आणि किडीपासून वाचण्यात त्यांचा हात असावा.

चित्रांच्या नुकसानाचं खापरही एकट्या काळावर फोडता येत नाही. शतकानुशतकं वटवाघळं होती, आगट्यांचा धूर होता, पाझर होता. पण काही घाव ‘जतन’ करतानाही झाले. १९२०च्या सुमारास निजाम सरकारने इटालियन तज्ज्ञ बोलावले. निसटणारा गिलावा त्यांनी धरून ठेवला, पण चित्रांवर चढवलेलं लाखेचं रोगण पुढे पिवळं पडलं आणि ते काढण्यात नंतर बरीच मेहनत गेली. या चित्रांच्या नकलांचं नशीबही खडतर होतं. रॉबर्ट गिलने वर्षानुवर्षं खपून काढलेल्या बहुतेक प्रतिकृती १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मुंबईच्या जे. जे. कला शाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १८७२पासून केलेल्या कामातलाही मोठा भाग १८८५ साली लंडनमध्येच जळाला. भिंतीवर उरलंय तेच जपायचं आहे; लेण्यात फ्लॅश मारू नका असं पहारेकरी पुन्हा पुन्हा का बजावतो, ते यावरून कळावं.

गैरसमज ५ : अजिंठा म्हणजे जगापासून तुटलेलं रान.

वाघूर नदीच्या नालाकृती वळणावरची ही जागा एकांताची आहे खरी, पण जुन्या व्यापारी वाटांपासून ती लांब नव्हती. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक नाविकाच्या टिपणात पैठणहून भडोचच्या बंदराकडे गाड्यांनी माल जात असल्याची नोंद आहे. चित्रांत समुद्रही आहे. २ क्रमांकाच्या लेण्यात शिडं उभारलेलं, रांजण लादलेलं जहाज आहे. १७ क्रमांकाच्या लेण्यात सिंहल व्यापाऱ्याची कथा एका अख्ख्या भिंतीवर पसरली आहे. गलबत फुटतं, व्यापारी राक्षसिणींच्या बेटाला लागतात, पांढऱ्या घोड्यावरून सिंहल निसटतो आणि पुढे राजा होऊन हत्ती-घोड्यांसह नावांतून बेटावर उतरतो. हे बेट म्हणजे लंका. आज सिगिरियाची चित्रं पाहायला लोक श्रीलंकेला जातात. तीही पाचव्याच शतकातली आहेत. सह्याद्रीच्या आतल्या डोंगरात बसून चितारणाऱ्याला बेटाची गोष्ट परकी नव्हती.

गैरसमज ६ : वेरूळचं कैलास लेणं माणसाच्या हातचं नाही.

मोबाइलवर फिरणारा हिशेब असा : चार लाख टन दगड, अठरा वर्षं, म्हणजे दिवसाला ६० टन, हे माणसाला अशक्य, तेव्हा परग्रहवासीच आले असणार. अठरा वर्षांचा आकडा कोणत्याही शिलालेखात नाही. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण साधारण ७५६ ते ७७३ गादीवर होता, त्या कारकिर्दीवरून तो बेतलेला दिसतो. काढलेल्या दगडाचा नेहमी दिला जाणारा अंदाजही दोन लाख टनांच्या आसपास आहे.

तरी वादासाठी ६० टन धरू. पाचशे पाथरवट कामावर असतील तर माणशी १२० किलो, म्हणजे दीड घनफुटाच्या आत-बाहेर बेसॉल्ट. त्यातही सगळा दगड छिन्नीने चुरा करून काढायचा नव्हता. चर खोदून मोठे ठोकळे सुटे करता येतात, आणि दख्खनच्या या खडकात मुळातच आडव्या-उभ्या भेगा असतात. काम वरून खाली केल्याने पराती बांधायची गरज उरली नाही. हे काम प्रचंडच, पण संघटित माणसांच्या आवाक्यातलं.

कर्त्याचं नावही सांगितलेलं आहे. बडोद्याला सापडलेल्या इसवी सन ८१२-१३च्या ताम्रपटात कृष्णराजाने एलापुरी, म्हणजे वेरूळला, उभारलेल्या देवळाचं वर्णन आहे आणि ते पाहून खुद्द घडवणारा स्थपतीही थक्क झाला, असं त्यात म्हटलं आहे. घडणीत पट्टदकलच्या विरूपाक्ष मंदिराशी असलेलं नातं स्पष्ट दिसतं. मराठी परंपरेतही यावर एक कथा आहे. कृष्ण याज्ञवल्कीच्या ‘कथाकल्पतरू’त शिखर दिसेपर्यंत अन्न न घेण्याचा नवस केलेल्या राणीसाठी पैठणचा कोकस नावाचा कारागीर देऊळ वरून खाली घडवतो. कथा म्हणून ती कथाच, पण खोदकामाची दिशा तिने बरोबर हेरली आहे.

आणखी एक. हे देऊळ आज दिसतं तसं काळंभोर ठेवायचं नव्हतं. त्यावर पांढरा गिलावा आणि रंग होता. नीट पाहिलं तर त्याचे तुकडे अजून ठिकठिकाणी चिकटलेले दिसतात.

गैरसमज ७ : वेरूळला आधी बौद्ध, मग हिंदू, मग जैन लेणी खोदली गेली.

१ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन, हे बरोबर. पण हे क्रमांक दक्षिणेकडून उत्तरेकडे दिलेले आहेत, काळाप्रमाणे नाहीत. २१ आणि २९ क्रमांकांची हिंदू लेणी सहाव्या शतकातली, म्हणजे अनेक बौद्ध लेण्यांच्या आधीची, असं बहुतेक अभ्यासक मानतात. दोनताल, तीनताल ही बौद्ध लेणी आठव्या शतकापर्यंत येतात.

२९ क्रमांकाचं धुमार लेणं मुंबईजवळच्या घारापुरी बेटाशी थेट नातं सांगतं. तीन बाजूंनी उजेड, चार दारांचं सुटं गर्भगृह, दारांशी धिप्पाड द्वारपाल, रावणाने कैलास हलवणं, शिवपार्वतीचा विवाह, अंधकासुराचा वध हे दोन्हीकडे आहे. दोन्ही कलचुरी राजांच्या काळाशी जोडली जातात. गेटवेहून लाँचने घारापुरीला जाऊन आलेल्याने वेरूळला हे लेणं चुकवू नये. कैलास पाहून दमलेले लोक तिथपर्यंत पोहोचतच नाहीत.

आणखी काही, थोडक्यात

बीबी का मकबरा अख्खा संगमरवरी नाही. संगमरवर घुमटाला आणि भिंतींच्या खालच्या भागाला आहे. बाकी दगडावर घोटलेला चुन्याचा गिलावा आहे. जिची ही कबर आहे ती औरंगजेबाची पत्नी दिलरास बानू बेगम १६५७ साली वारली आणि बांधकाम १६६१च्या सुमारास झालं असं मानतात. ते ‘मुलाने आईसाठी’ बांधलं म्हणावं, तर तिचा मुलगा राजपुत्र आझमशाह तेव्हा जेमतेम आठ वर्षांचा होता. दरवाजावर स्थपती अताउल्ला आणि हंसपतराय यांची नावं आहेत.

देवगिरीचा किल्ला तुघलकाचा नाही. यादव राजा पाचवा भिल्लम याने बाराव्या शतकात तिथे राजधानी केली. अल्लाउद्दीन खिलजी १२९६ साली चालून आला आणि तुघलकाने १३२७ साली दिल्लीची राजधानी इथे हलवून दौलताबाद नाव दिलं.

आणि हंगाम. ‘फक्त हिवाळ्यातच यावं’ हेही अर्धसत्य आहे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा टाळणंच शहाणपणाचं. पण जुलै ते सप्टेंबरमध्ये अजिंठ्याचा सप्तकुंड धबधबा वाहतो, वेरूळला सीतेची न्हाणी भरते आणि डोंगर हिरवा होतो. पायऱ्या निसरड्या असतात, एवढं लक्षात ठेवावं.

गाइड घ्याच, पण प्रत्येक रंजक माहितीवर एक प्रश्न विचारा : हे कशावरून? चांगला गाइड तुम्हाला शिलालेखापाशी, गिलाव्याच्या पोपड्यापाशी किंवा छिन्नीच्या घावापाशी नेऊन उभं करेल. ज्याला बोट दाखवायला काहीच सापडत नाही, त्याची गोष्ट गोष्ट म्हणून ऐकावी आणि पुढच्या लेण्याकडे वळावं.