खेळता खेळता येणारं वल्हं

गिल्बर्ट राइल या तत्त्वज्ञाने 1949च्या ‘द कन्सेप्ट ऑफ माइंड’ या पुस्तकात एक भेद मांडला: एखादी गोष्ट माहीत असणं वेगळं आणि ती करता येणं वेगळं. हा भेद समजावताना आपण बहुधा सायकलचं उदाहरण घेतो. आज कयाकचं घेऊ.

कयाक म्हणजे अरुंद, हलकी नाव. पाय पुढे पसरून बसायचं आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं मारायचं. शिकणाऱ्याला सांगतात, चालती नाव उजव्या कुशीवर कलवली की ती डावीकडे वळायला लागते. वाक्य लगेच कळतं. पण नाव जरा कलली की अंग आखडतं, हात काठ धरतात, वल्हं सुटतं. म्हणजे माहिती आहे, आणि तरी येत नाही.

इथे जाणते प्रशिक्षक खेळ मांडतात. पाणी उथळ आणि संथ, प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट.

पहिला खेळ शिवाशिवीचा. ज्याच्यावर राज्य, त्याने ओला स्पंज दुसऱ्याच्या नावेवर फेकायचा. मग पळणारा झटकन वळतो, थांबतो, मागेही जातो. एरवी घोटून घ्यावे लागणारे हात तो आपसूक मारतो, कारण त्याचं लक्ष वल्ह्यावर नसतं, स्पंजवर असतं. नजरेमागे खांदे आणि कंबर वळते. वळण तिथूनच सुरू व्हायला हवं.

दुसरा खेळ, वल्हं बाजूला ठेवून नुसत्या हातांनी शर्यत. पाण्यापर्यंत हात पोचवायचा तर वाकावं लागतं, नाव कलते. तोल गुडघ्यांनी आणि कंबरेने सांभाळायचा असतो, हे तेव्हा अंगाला कळतं.

तिसऱ्यात नावा शेजारी शेजारी आणून सगळ्यांनी एकमेकांच्या नावा घट्ट धरायच्या आणि एकाने त्यांवरून रांगत पलीकडे जायचं. एकटी डगमगणारी नाव शेजारणीला धरल्यावर तराफ्यासारखी स्थिर होते. उलटलेल्याला पुन्हा नावेत घेताना हीच युक्ती कामी येते.

आता बर्नार्ड सूट्स. 1978च्या ‘द ग्रासहॉपर’मध्ये तो म्हणतो की खेळणं म्हणजे अनावश्यक अडथळे स्वखुशीने ओलांडणं. वल्हं असताना हाताने नाव चालवणं, बघा, अगदी तसंच आहे. पण अनावश्यक कुठवर? कयाकच्या माहेरी, ग्रीनलंडमध्ये, उलटलेली नाव आतून न उतरता सरळ करण्याच्या स्पर्धा होतात. प्रकार अनेक: वल्ह्याने, नुसत्या हाताने, मूठ आवळून, हातात वीट धरूनसुद्धा. बघणाऱ्याला ही गंमत वाटेल. पण यामागे सील मारणाऱ्या शिकाऱ्यांची विद्या आहे. वल्हं हातचं गेलं, हात हार्पूनच्या दोरीत अडकला, तर काय करायचं? त्या गोठवणाऱ्या पाण्यात नाव सोडणं म्हणजे बहुधा मरण. काठावर अनावश्यक असलेला अडथळा समुद्रात खराखुरा येतो.

म्हणून आपण खेळाला अभ्यासानंतरची सुट्टी समजू नये. खेळात संकट आधी भेटतं, तेही स्वस्तात. अट एवढीच की उलटणं खरोखर स्वस्त असावं: पाणी उबदार, काठ जवळ, लक्ष ठेवणारा जाणता. ही अट मोडली की खेळ संपतो, आणि घाबरलेलं अंग पुन्हा काठ धरून बसतं.