पत्ता एक, माणसं किती?

दिवाळी जवळ आली की आमच्या मंडळात दोन कामं हमखास निघतात. एक फराळाच्या ऑर्डरी आणि दुसरं पत्त्यांची यादी. गेल्या वर्षी यादी आमच्या गळ्यात पडली. "तुम्ही कॉम्प्युटरवाले, तुम्हाला काय कठीण!" असं म्हणून कार्यकारिणीने तीन याद्या पाठवल्या: सभासदांची, गणेशोत्सवात नावं नोंदवलेल्यांची आणि देणगीदारांची. तिन्ही नुसत्या जोडल्या असत्या तर काही घरी दिवाळी अंकाच्या तीन-तीन प्रती गेल्या असत्या. तेव्हा दुबार नावं गाळायची, एवढंच काम.

प्रोग्रामिंगमध्ये यासाठी 'सेट' असतो. शाळेत आपण 'संच' शिकलो, तोच हा. संचात एक घटक एकदाच येतो. जावास्क्रिप्टमध्ये ही सोय २०१५ साली आली. आकडे किंवा शब्द दिले तर दुबार आलेले तो आपोआप गाळतो. आम्ही सगळी यादी त्यात ओतली आणि चहाला गेलो. येऊन पाहतो तर एकही नाव कमी झालेलं नाही!

कारण साधं होतं. यादीतली प्रत्येक नोंद म्हणजे नाव, पत्ता, फोन असं एकत्र बांधलेलं गाठोडं, प्रोग्रामरच्या भाषेत 'ऑब्जेक्ट'. फडताळात तूरडाळीचे दोन सारखे डबे असले तर आपण म्हणतो, घरात तूरडाळ आहे. सेट म्हणतो, डबे दोन आहेत. तो झाकण उघडून आत बघत नाही.

म्हणून दोन नोंदी एकच आहेत हे कशावरून ओळखायचं, ते आपण सांगावं लागतं. त्या खुणेला 'की', म्हणजे किल्ली म्हणतात. प्रत्येक नोंदीची किल्ली काढायची आणि एका किल्लीखाली एकच नोंद ठेवायची. त्यासाठी 'मॅप' वापरतात. यात एक मेख आहे: तीच किल्ली पुन्हा आली की आधीची नोंद पुसली जाते, शेवटची उरते. म्हणून सगळ्यांत ताजी यादी शेवटी घालावी.

पण किल्ली कोणती? नाव म्हणावं, तर वाघ एका फॉर्मवर 'व्ही'ने सुरू होतात, दुसऱ्यावर 'डब्ल्यू'ने. हा घोळ काही आपल्याच नावांचा नाही. अमेरिकेत रॉबर्ट रसेल यांनी १९१८ साली उच्चारावरून नावं लावण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. तिच्यातूनच पुढे 'साउंडेक्स' आली आणि १९३०च्या दशकात जुन्या जनगणनेच्या याद्या तिच्यावरून लावल्या गेल्या. नावाचं पहिलं अक्षर ठेवायचं, स्वर गाळायचे, उरलेल्या व्यंजनांना आकडे द्यायचे. आम्ही ती आपल्या नावांवर लावून पाहिली. जोशी आणि जोग, दोघांचा संकेत 'जे २००'! आणि वाघ मात्र पहिल्या अक्षरामुळे दोनच राहिले.

शेवटी पत्ता हीच किल्ली ठरवली. 'स्ट्रीट' पूर्ण की आखूड, अक्षरं मोठी की लहान, हे आधी सारखं करून घेतलं. घरटी एक अंक गेला, टपालखर्च वाचला. आमची पाठ थोपटली गेली.

जानेवारीत संक्रांतीच्या कार्यक्रमात पंचाहत्तरी ओलांडलेल्यांचा सत्कार होता. घाईत तीच यादी वापरली. सत्कार संपला तेव्हा एक आजी आमच्याजवळ आल्या. वय ८१, मुलाकडे राहतात, मंडळाच्या जुन्या सभासद. त्यांचं नाव पुकारलंच नव्हतं. पत्ता तोच, म्हणून मुलाच्या नोंदीने त्यांची नोंद पुसली होती. रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "अरे, पत्ता एक म्हणजे माणूसही एकच का?"

उत्तर नव्हतं. चूक कॉम्प्युटरची नव्हती. अंक पाठवताना घर मोजायचं असतं, सत्कार करताना माणूस. काम बदललं की किल्लीही बदलायला हवी, हे आम्ही विसरलो होतो.

आता प्रत्येक सभासदाला वेगळा क्रमांक दिला आहे आणि माणसांच्या यादीला तीच किल्ली आहे. पत्त्याची किल्ली फक्त टपालासाठी. शंका आली तर कॉम्प्युटर नोंद पुसत नाही, जोडी दाखवतो. मग आम्ही फोन करून विचारतो. आजींच्या घरी जाऊन शाल-श्रीफळ देऊन आलो, ते वेगळं.

तेव्हा मंडळी, यंदा फॉर्म भरताना घरातल्या प्रत्येकाचं नाव वेगळ्या ओळीत लिहा. आई-बाबांचंही!