बघायला शिकणारा मेंदू

फळ्यावरचा एखादा शब्द मूल वाचतं, तेवढ्यात त्याच्या डोळ्यांनी आणि मेंदूनं मिळून बरंच काम उरकलेलं असतं. ते क्रमानं समजून घेऊ.

प्रकाश आधी कॉर्नियातून, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यातून आत शिरतो. किरण वळवण्याचं सुमारे दोन तृतीयांश काम इथेच होतं. बाहुली प्रकाश बेताचा ठेवते, तिच्यामागचं भिंग अंतर पाहून आकार बदलतं आणि दृष्टिपटलावर उलटी प्रतिमा पडते. तिथल्या कोट्यवधी पेशी प्रकाशाचे विद्युत संदेश करतात. दंडपेशी अंधुक उजेडात उपयोगी पडतात. शंकुपेशी रंग आणि बारकावे टिपतात.

प्रत्येक डोळ्यातून सुमारे १० लाख चेतातंतू मेंदूकडे निघतात. वाटेत नाकाच्या बाजूचे तंतू बाजू बदलून पलीकडे जातात. त्यामुळे डावीकडचं दृश्य कोणत्याही डोळ्यानं टिपलेलं असो, ते मेंदूच्या उजव्या भागात पोचतं. थॅलॅमसमधला टप्पा ओलांडून संदेश डोक्याच्या मागच्या दृष्टिकेंद्रात जातात. तिथे रेषा, कडा, हालचाल यांची छाननी होते. दोन्ही डोळ्यांच्या प्रतिमांत किंचित फरक असतो. त्यावरून मेंदू अंतर ओळखतो. एक डोळा मिटून सुईत दोरा ओवून पाहा, म्हणजे हे लगेच पटेल.

हे कौशल्य मेंदू बालपणी कमावतो. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल यांनी १९६० च्या दशकात मांजरीच्या पिल्लांचा एक डोळा काही आठवडे बंद ठेवला. तो उघडल्यावर डोळा धड होता, पण दृष्टिकेंद्रातल्या बहुतेक पेशी त्याला प्रतिसादच देईनात. दृष्टीवरच्या संशोधनासाठी दोघांना १९८१ चं नोबेल मिळालं.

मुलांमध्येही असं घडतं. एका डोळ्याचा नंबर जास्त असला किंवा तो तिरळा असला, तर मेंदू त्याचे संदेश बाजूला सारू लागतो. यालाच ‘आळशी डोळा’ म्हणतात. दुसरा डोळा काम निभावून नेत असल्यानं मूल तक्रार करत नाही आणि घरच्यांच्या ध्यानात येत नाही. उपाय म्हणजे योग्य चष्मा आणि, गरजेनुसार, चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी, म्हणजे मेंदूला मागे पडलेल्या डोळ्याकडे लक्ष द्यावंच लागतं. पहिल्या सात-आठ वर्षांत हा उपचार सर्वांत चांगला लागू पडतो. पुढे सुधारणा अवघड होत जाते.

म्हणून मूल शाळेत जाण्यापूर्वी, त्याची काही तक्रार नसली तरी, नेत्रतज्ज्ञांकडून दोन्ही डोळे वेगवेगळे तपासून घ्या. तिरळेपणा दिसला, तर ‘मोठेपणी जाईल’ म्हणून थांबू नका.